व्हिडिओ पंच असला तरी आणि नसला तरी

नंदाखालचा फुटबॉलवेडा विरारहून लोकल पकडून अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल गाठतो. 20 डिसेंबर 2023 रोजी इथेच इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीने मोहन बागानला 2-1 हरवलं आणि पंचांनी सात लाल कार्डं काढली : चार मुंबईला, तीन बागानला. लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पंच, नव्हतं. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला रिप्ले दिसत होता, पंचांना नाही. चीड येते ती इथे.

व्हीएआर 2018 मध्ये खेळाच्या नियमांत आलं. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड, एवढ्याच बाबतींत, तेही चूक ढळढळीत असेल तर. ढळढळीत कशाला म्हणायचं, हे पंचागणिक बदलतं.

आणि व्हिडिओ पंच असूनही चूक होतेच. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूल. लुईस दियासचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरला. तो ऑफसाइड नव्हताच. पण गोल दिलाय अशा समजुतीत व्हिडिओ पंचाने ‘तपासणी पूर्ण’ कळवलं. चूक काही सेकंदांत उमगली. तोवर खेळ सुरू झाला होता आणि नियमाने मागे जाता येईना. लिव्हरपूल 2-1 हरलं. पंचांच्या संस्थेने त्याच दिवशी चूक कबूल केली, निकाल मात्र कायम राहिला.