हात तयार आहे, कान आहे का?

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून यवतमाळला आला, की आमच्या घरातली भांडी आधी सावध होतात. डबे, पाट, तांब्याचा हंडा, जेवणाचं टेबल, त्याच्या तडाख्यातून काहीही सुटत नाही. दोन वर्षांपासून तो ड्रम शिकतो आहे. परवा एका रविवारी सकाळी त्यानं आपला मोबाइल माझ्या थोरल्या भावासमोर धरला. आमचे दादा निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. पडद्यावर एक गोरा माणूस घामानं निथळत ड्रम वाजवत होता. त्याच्या हातातल्या काठ्या दिसतच नव्हत्या, नुसती एक धूसर रेघ दिसत होती. दादांनी पाच मिनिटं शांतपणे पाहिलं, मग चष्मा काढला आणि म्हणाले, “अरे, ही तर जिनातली मशीन झाली! सरकी एकीकडं, रुई एकीकडं. पण यात गाणं कुठं आहे?”

नातवाचा चेहरा पडला. “मोठे आबा, हे बडी रिच आहेत. यांच्यापेक्षा मोठा ड्रमर जगात झाला नाही.”

“असेल, मोठा असेल. मी गाण्याबद्दल विचारलं.”

मी मध्ये पडलो नाही. बँकेत सारी नोकरी काढल्यावर एवढं शहाणपण येतं, की दोन खातेदार भांडत असतील आणि दोघेही खरं बोलताहेत असं वाटलं, तर आधी लेजर उघडावं. मी ते उघडलं, म्हणजे पुढचे आठ दिवस जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. तेव्हा लक्षात आलं, की आमच्या ओसरीवरचा हा तंटा काही नवा नव्हे. जाझ ऐकणाऱ्या मंडळींत या एका माणसावरून कित्येक दशकं असाच वाद चालू आहे. हाताची करामत म्हणजे संगीत का?

जाझ हे नाव ऐकून बिचकण्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतून विसाव्या शतकाच्या आरंभी वर आलेलं हे संगीत. एक धून ठरलेली, आणि तिच्यावर ऐन वेळी सुचेल तसा विस्तार करायचा. आपल्याकडच्या मैफलीत वाढलेल्या कानाला ही रीत परकी वाटू नये. त्यात लय सांभाळतो तो ड्रमवाला. आपला तबलजी दोन हात आणि दहा बोटं वापरतो. ड्रमवाल्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला लागतात. उजव्या पायाखाली मोठा ढोल, डाव्या पायाखाली एकमेकांवर आपटणाऱ्या झांजा, समोर खणखणीत छोटा ड्रम आणि वर टांगलेल्या थाळ्या. एकाच वेळी चार अवयवांनी चार वेगळ्या गोष्टी बोलायच्या आणि तरी वाक्य एकच निघायला हवं.

बडी रिचचा जन्म ३० सप्टेंबर १९१७ चा, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. आईबाप रंगमंचावर करमणुकीचे कार्यक्रम करणारे. पोरगं दोन वर्षांचंही नव्हतं तेव्हापासून त्यांच्याबरोबर रंगमंचावर येऊन ड्रम वाजवू लागलं. ‘ट्रॅप्स, द ड्रम वंडर’ या नावानं त्याची जाहिरात होई. कुणा शिक्षकापुढे बसून रीतसर शिक्षण असं त्यानं घेतलं नाही. पुढे आर्टी शॉ, टॉमी डॉर्सी यांच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत तो वाजवू लागला. १९६६ मध्ये स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि २ एप्रिल १९८७ रोजी मरेपर्यंत ड्रमशी असलेलं नातं सोडलं नाही. त्याच्या काळातला दुसरा नामवंत ड्रमर जीन क्रुपा. १९५२ साली दोघांचा रंगमंचावर सामनाही झाला होता. तो क्रुपा स्वतःच रिचला सर्वांत श्रेष्ठ मानत असे. प्रतिस्पर्ध्यानं दिलेली पावती ही खरी पावती.

आता दादांची बाजू. ती काही एकट्या यवतमाळच्या भजनी मंडळाची नाही. रिच फार मोठ्यानं वाजवतो, सारखा स्वतःकडे लक्ष वेधून घेतो, त्याची लय झुलण्याऐवजी धावते, असं म्हणणारे जाणकार अमेरिकेतही आहेत. त्यांच्या हातात एक भक्कम पुरावा आहे. १९५० मध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी या दोन दिग्गजांनी एकत्र ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा ड्रमवर रिच होता. पार्कर-गिलेस्पींचं संगीत नव्या वळणाचं, तुटक, अचानक दिशा बदलणारं. तिथं रिचचा जुन्या वाद्यवृंदात तयार झालेला हात जुळत नाही, अशी तक्रार तेव्हापासून आजतागायत होते आहे. मी ते ऐकलं. तक्रार अगदीच खोटी नाही. दोघं हलक्या आवाजात काही गुपित बोलत असावेत आणि तिसऱ्यानं दार उघडून “चहा घेता का?” असं ओरडून विचारावं, तसं अधूनमधून वाटतं.

पण लेजरला दुसरीही बाजू असते. त्याच्या चारच वर्षं आधी, १९४६ मध्ये, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग आणि पियानोवर नॅट किंग कोल यांच्याबरोबर रिचनं केलेलं ध्वनिमुद्रण ऐकावं. तिघंच जण. खर्जाचं वाद्यही नाही. लेस्टर यंगचा सूर इतका मऊ, की खिडकीबाहेरच्या चिमणीनंही त्यात व्यत्यय यावा. आणि तिथं हाच वेगाचा बादशहा तारेच्या ब्रशांनी नुसती सळसळ करतो आहे! पिठाच्या चाळणीवरून हात फिरावा इतका हलका आवाज. माणूस तोच, हात तेच. फरक पडला तो समोर कोण वाजवतं आहे याचा.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रिचला स्वरलिपी वाचता येत नव्हती. मोठ्या वाद्यवृंदात वीसेक माणसं कागदावर लिहिलेलं वाजवतात. नवी रचना आली, की रिच तालमीत दुसऱ्या ड्रमरला बसवी, स्वतः समोर बसून ऐके, आणि मग ती सबंध रचना स्मरणातून वाजवी. तुतारीवाले कुठं घुसतात, कुठं थांबतात, सारं त्याच्या कानात उतरलेलं असे. आपल्याकडे याला काही विशेष नाव नाही, कारण आपल्याकडची सगळी विद्याच गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात गेलेली. पण इतकं ऐकून इतकं लक्षात ठेवणाऱ्या माणसाला नुसता ‘हाताचा’ कसा म्हणायचं?

या रिचचा आपल्या मुंबईशीही एक धागा जुळतो. १९६८ मध्ये त्याची आणि उस्ताद अल्लारखाँची एकत्र ध्वनिमुद्रिका निघाली. नावातच दोघांच्या नावांवर कोटी केलेली, ‘रिच आ ला राखा’. अल्लारखाँ जन्मानं जम्मूकडचे, तालमीनं पंजाब घराण्याचे. पण १९४० पासून मुंबई आकाशवाणीवर होते, ए. आर. कुरेशी या नावानं त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिलं, आणि २००० साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. त्या ध्वनिमुद्रिकेत एक तुकडा चक्क दादऱ्यातला आहे. सहा मात्रांचा आपला साधा दादरा. एका बाजूला स्वरात लावलेला तबला, दुसऱ्या बाजूला ज्याला ‘ना’ आणि ‘धा’ ठाऊक नाहीत असा ड्रम, आणि दोघांत सवाल-जवाब चाललेले. दादांना तो तुकडा ऐकवला. डोळे मिटून त्यांनी मांडीवर सहा मात्रा मोजल्या आणि म्हणाले, “समेवर तर आला लेकाचा!” वऱ्हाडात याहून मोठी दाद नसते.

पण माझ्या मनातली खरी तुलना वेगळीच होती. ती उस्ताद अहमदजान थिरकवाँची. बोटं थिरकतात म्हणून ‘थिरकवा’ हे नाव पडलेला हा माणूस. एकल तबला वाजवायला बसले, की भल्याभल्यांनी कान पकडावेत अशी विद्या. १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. आणि हेच थिरकवाँ कैक वर्षं गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत होते! जरा डोळ्यांसमोर आणा. समोर मराठी रसिक ‘वन्स मोअर’साठी टपून बसलेला, रंगमंचावर बालगंधर्व, आणि तबल्यावर देशातले सर्वांत तयार हात. पण लोक ऐकायला आलेले असत बालगंधर्वांना. ठेका भरदार हवा, गाणाऱ्याला त्याच्यावर रेलता यावं, आणि जी जागा गाणाऱ्याची ती गाणाऱ्यालाच मिळावी. ज्याच्या पेटीत इतके कायदे आणि रेले भरलेले, त्यानं पेटी बंद ठेवून नुसता ठेका धरायचा. त्याला किती तयारी लागत असेल!

हे मी अधिकारानं लिहितो असं समजू नका. मी हे चुकलेला माणूस म्हणून लिहितो.

१९८७ साली मी वणीला बँकेत होतो. लहानपणी पाच-सहा वर्षं तबला शिकलेला, हात बरा, आणि बरा आहे हे मला जरा जास्तच ठाऊक. गणेशोत्सवात शाळेतल्या एका बाई नाट्यपदं गाणार होत्या. नेहमीचे तबलजी तापानं आडवे झाले, म्हणून मंडळाची पोरं माझ्याकडे आली. बाईंचा आवाज बारीक पण सुरेल. पहिल्या पदाला मी सरळ ठेका धरला. दुसऱ्या पदात एक छोटी तिहाई टाकली. पुढच्या रांगेतून टाळी आली. मग माझा मीच राहिलो नाही. दुगुण काय, चौगुण काय, बाई आलाप घेताहेत तिथं माझे तुकडे चाललेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम संपल्यावर बाई पदर सावरत माझ्याजवळ आल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “छान वाजवलंत हो तुम्ही. मी काय गायले, ते मात्र मला ऐकू आलं नाही.”

पुढच्या वर्षी मंडळानं विचारलं तेव्हा त्यांनी गायला नकार दिला. माझ्यामुळेच दिला असं कुणी म्हणालं नाही. मलाही विचारण्याचं धैर्य झालं नाही. पण माझ्या तबल्याला त्यानंतर गवसणीच राहिली.

आमच्या शाखेत तेव्हा एक म्हातारे कॅशियर होते. नोटा मोजायला बसले, की खातेदार खिडकीशी उभे राहून बघत. ओल्या स्पंजावर बोट टेकवलं, की शंभराची गड्डी फर्रकन संपे. एकदा मी त्यांच्या वेगाचं कौतुक केलं, तर म्हणाले, “साहेब, बोटं लोकांना दिसतात. मोजणी मनात चालते. संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर या बोटांना कोण विचारतो?” वणीच्या त्या रात्री टाळ्या भरपूर जमा झाल्या. माझी कॅश मात्र जुळली नव्हती.

म्हणून बडी रिचबद्दल माझा निकाल असा. त्याचा वेग हा त्याचा गुन्हा नाही. वेग कमावलेला हात म्हणजे भांडवल आहे, आणि भांडवल कुणाला जड होत नाही. ते कुठं गुंतवायचं आणि कुठं राखून ठेवायचं हे कान सांगतो. १९४६ मध्ये त्याच्या कानानं बरोबर सांगितलं; १९५० मध्ये बहुधा चुकीचं सांगितलं, किंवा त्यानं ऐकलं नाही. इतका मोठा कलावंतही एका ठिकाणी जुळतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, याचा मला थोडा दिलासाच वाटतो.

आणि हे कळायला जाझ ऐकायलाच हवं असंही नाही. आपल्या पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहतात, डफडी आणि ढोल कानठळ्या बसवत असतात. तेवढ्यात कुणीतरी हात वर करून झडती म्हणायला लागतो. वाजवणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबतात. झडती संपली, महादेवाचा गजर झाला, की असा दणका उडतो, की बैलही कान टवकारतात. त्या वाजंत्र्यांना कुणी संगीतशास्त्र शिकवलेलं नसतं. कधी थांबायचं हे ठाऊक असतं, म्हणून तर त्या दणक्याला मजा येते.

हे सगळं मी नातवाला सांगितलं, वणीचा किस्सा धरून. तो काही बोलला नाही. संध्याकाळी दादा पेटी घेऊन बसले, तर हा खराट्याच्या चार-चार काड्यांच्या दोन जुड्या बांधून आला. जुनं वर्तमानपत्र पाटावर पसरलं आणि त्याच्यावर त्या काड्या फिरवू लागला. सळ्, सळ्, सळ्. दादांनी एक जुनं पद धरलं. अंतऱ्याला आले, तसे मध्येच थांबले आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, “अरे, जरा मोठ्यानं वाजव की! मला तुझा ठेका ऐकू येत नाही.”