बायोडिझेलचा उतारा : कोणता देश पुढे आणि आपण कुठे?

मादन हिप्परग्याच्या परिसरात एकाच झाडाला मराठी माणूस करंज म्हणतो आणि कानडी माणूस होंगे. त्याच्या बियांच्या तेलापासून डिझेल होते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकले आहे. कॉलेजातली मुले विचारतात, यात कोणत्या देशाच्या कंपन्या सर्वांत कार्यक्षम? घरची वडीलधारी मंडळी विचारतात, मग रोपे लावायची का? आम्हाला वाटते, दोन्ही प्रश्नांचा हिशेब एकच आहे.

तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते गरम करून ढवळतात. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मिथेनॉल लागते; त्यातून १०० किलोच्या आसपास बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन निघते. तेल स्वच्छ असेल तर जर्मनीतला कारखाना आणि आपल्याकडचा कारखाना यांच्या उताऱ्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो फाटकाबाहेर. साखर कारखान्याचे आपण पाहतोच: उतारा कितीही चांगला असला, तरी ऊस नसेल तर गाळप बंद. बायोडिझेलच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा तेलाचाच असतो.

इंडोनेशियात एक हेक्टर पाम तीन-चार टन तेल देतो. जर्मनीची मोहरीसारखी रेपसीड टनाच्या थोडी वर जाते. अर्जेंटिनाचे सोयाबीन जेमतेम अर्धा टन देते. तरीही तिथल्या कंपन्या टिकल्या, कारण रोसारिओजवळ पाराना नदीच्या काठी तेलगिरण्या, बायोडिझेलचे कारखाने आणि बंदर जवळजवळ आहेत, आणि सोयापेंडेला जगभर गिऱ्हाईक आहे. इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के मिश्रणाचे धोरण घेतल्याने मालाला हक्काची मागणी आहे. अर्थात, पामसाठी तिथे किती जंगल गेले, हे कार्यक्षमतेच्या आकड्यात दिसत नाही. फिनलंडची नेस्टे कंपनी वापरलेले तेल आणि चरबी देशोदेशींहून गोळा करते. तिची हायड्रोजन वापरण्याची पद्धत वेगळी, म्हणून सरळ तुलना नको. पण टाकाऊ माल गोळा करण्याची तिची व्यवस्था पाहण्यासारखी आहे.

आपल्या देशाने २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य धरले होते. भिस्त मोगली एरंडावर होती. पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरपूर बी येईल असे सांगितले गेले. ते आले नाही. २०१८ च्या धोरणाने बायोडिझेलचे लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले. खाद्यतेल निम्म्याहून अधिक आपण आयातच करतो, ते इंजिनात घालणे परवडणारे नाही.

राहिला करंज. एक लिटर तेलाला सुमारे चार किलो बी लागते. बी वेचायचे, फोडायचे, ही मजुरी वेगळी. तेलात आम्ल जास्त असले तर कॉस्टिकने साबण होतो, म्हणून आधी आणखी एक प्रक्रिया करावी लागते. पेंड जनावरांना चालत नाही, खत म्हणून मात्र उत्तम. हासन जिल्ह्यातल्या मडेनूरच्या जैवइंधन उद्यानाने बांधावरची झाडे आणि गावपातळीवर बी-खरेदी हीच वाट धरली. आमचेही मत तेच: बांधावर करंज जरूर लावा, पण आळंदची तुरीची काळी रान मोडून नको. रोपे विकायला कोणी आला तर विचारा, फळ धरेपर्यंतच्या पाच-सात वर्षांत शेतकऱ्याने खायचे काय? आणि बी कोण, कुठल्या दराने घेणार, हे कागदावर लिहून देता का?

यापेक्षा जवळचा माल आपल्या कढईत आहे. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरू नये, असा २०१८ पासून नियम आहे. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा तेलापासून केलेल्या बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये दर देऊ केला होता. लग्नसराईत, जत्रेत उरलेले असे तेल गटारात जाते किंवा स्वस्तात पुन्हा गाड्यावरच्या भज्यांत येते. ते गाळून, पाणी न मिसळता, झाकणाच्या डब्यात ठेवले तर नोंदणीकृत संकलकाला देता येते. एका घराचे तेल थोडे भरते, म्हणून चार-पाच कार्यांचे एकत्र करावे लागेल.