काडतुसाची पितळी पुंगळी : अतितापनाचे परिणाम

गोळी, दारू व प्रज्वालक टोपी एकत्र धरून ठेवणाऱ्या काडतुसाच्या नळकांड्यास पुंगळी म्हणतात. ती बहुधा ७०% तांबे व ३०% जस्त असलेल्या पितळाची असते. झाडलेली पुंगळी पुन्हा मूळ आकारात आणून तीत नवी टोपी, दारू व गोळी बसविण्यास पुनर्भरण म्हणतात.

पोलादाप्रमाणे पितळ तापवून एकदम थंड केल्याने कठीण होत नाही. थंड स्थितीत ओढल्याने वा दाबल्यानेच ते कठीण होते. बार उडताना रायफलीतील दाब दर चौ. सेंमी.स सु. ४,००० किग्रॅ. पर्यंत जाऊ शकतो. त्या वेळी पुंगळीची मान फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट बसते व वायू मागे येऊ देत नाही. म्हणून मान तन्य लागते. बुडास सर्व बाजूंनी आधार नसल्याने ते कठीणच असावे लागते.

अनुशीतन : वारंवार वापराने मान कठीण होऊन तडकते. धातूतील शिल्लक प्रतिबल व अमोनिया यांच्या संयुक्त परिणामानेही तडे जातात. भारतातील ब्रिटिश सैन्याची तबेल्यांजवळ साठविलेली काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत. या प्रकाराचे स्पष्टीकरण १९२१ मध्ये मुर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी केले. हे टाळण्यासाठी फक्त मान व खांदा अल्पकाळ तापवून मऊ करतात. या क्रियेस अनुशीतन म्हणतात.

अतितापन : तापमान व काळ यांपैकी काहीही प्रमाणाबाहेर गेले, तर स्फटिककण वाढतात. थंड लाटलेल्या कठीण पत्र्याच्या स्वरूपात या पितळाचे ताणबल दर चौ. मिमी.स सु. ५२५ न्यूटन असते, ०·०५ मिमी. कणांच्या अनुशीतित पत्र्याचे सु. ३२५ असते. कायम विकृती सुरू करणारे प्रतिबल तर सु. ४३५ वरून १०५ न्यूटनपर्यंत उतरते. फार मऊ झालेली मान गोळी घट्ट धरीत नाही. मोठ्या कणांचे पितळ ताणले असता पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. तापमान आणखी वाढल्यास जस्ताची वाफ होऊन ते निघून जाऊ लागते आणि सु. ९१५° से.ला पितळ वितळू लागते.

सर्वांत मोठा धोका उष्णता बुडापर्यंत पोहोचण्यात असतो. मऊ झालेले बूड बार उडताच पसरते, टोपीची खोबण सैल होते आणि बूड फाटल्यास तप्त वायू मागे येऊन नेमबाजाच्या डोळ्यांस व हातांस इजा होते. पाण्यात बुडविल्याने उष्णता पुढे सरकणे थांबते, पण गेलेले काठिण्य परत येत नाही. ते आणण्यास पुन्हा थंड रूपण हवे आणि तयार पुंगळीच्या बुडावर ते करता येत नाही. पुंगळीचा रंग हा विश्वसनीय पुरावा नव्हे. घासून चकचकीत केल्यावर अतितापनाची खूणही उरत नाही. म्हणून बूड तापलेल्या किंवा आगीत सापडलेल्या पुंगळ्या पुनर्भरणास न घेता चेपून मोडीत टाकतात.