सतरा सेंटिमीटरचा सौदा

तैवानच्या व्हाया टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००१ साली १७० बाय १७० मिलिमीटरचा, म्हणजे पावणेसात इंचांहूनही किंचित लहान असा चौकोनी मदरबोर्ड आणला. वीज कमी खाणारे, फारसा आवाज न करणारे छोटे संगणक त्यावर तयार व्हावेत, एवढाच तेव्हा हेतू होता. मिनी-आयटीएक्स हे त्या मापाचे नाव. आज त्याच मापात सोळा कोअरचा प्रोसेसर आणि महागडे ग्राफिक्स कार्ड बसते, आणि संगणक असेंबल करून घेणारे अनेक जण टेबलावरची जागा वाचवण्यासाठी तोच बोर्ड मागतात.

बाजारात मुख्य मापे तीन. इंटेलने १९९५ मध्ये आणलेला एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. दोन वर्षांनी आलेला मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटरचा; स्वस्तातले मॉडेल त्याहूनही अरुंद असतात. मिनी-आयटीएक्सचे क्षेत्रफळ एटीएक्सच्या चाळीस टक्केही भरत नाही. त्याच्या स्क्रूची चारही भोके मात्र मोठ्या बोर्डाच्या भोकांशी जुळतात. त्यामुळे छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये खुशाल बसतो. उलट मात्र जमत नाही.

जागा कमी झाली की आधी कात्री लागते ती स्लॉटना. मिनी-आयटीएक्सवर ग्राफिक्स कार्डासाठी एकच स्लॉट आणि रॅमसाठी सहसा दोन. आज आठ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या आणि उद्या रॅम वाढवायची ठरली, तर जुन्या काढूनच ठेवाव्या लागतात. म्हणून सुरुवातीलाच सोळा-सोळाच्या दोन घेतलेल्या परवडतात. एसएसडीसाठीचा दुसरा एम-टू स्लॉट बऱ्याचदा बोर्डाच्या पाठीमागे असतो. तिथली एसएसडी बदलायची तर अख्खा बोर्ड कॅबिनेटबाहेर काढावा लागतो.

ही ओढाताण किती टोकाला जाते, हे अ‍ॅसरॉकच्या दोन बोर्डांवरून दिसते. या कंपनीने २०१५ मध्ये एक्स-९९ चिपसेटचा मिनी-आयटीएक्स बोर्ड काढला. त्यावरचा प्रोसेसर रॅमशी चार मार्गांनी बोलू शकणारा, पण बोर्डावर जागा दोनच पट्ट्यांची. सॉकेटभोवतीची चौकटही अरुंद, त्यामुळे नेहमीचे कूलर त्यावर बसत नसत. दोन वर्षांनी आलेल्या एक्स-२९९ बोर्डावर चार पट्ट्या मावल्या, पण त्या लॅपटॉपच्या आखूड रॅमच्या.

इतके सगळे चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने बसवायचे म्हणजे तारांचे जाळे अधिक थरांमध्ये विणावे लागते. शिवाय असे बोर्ड मोठ्या संख्येने खपत नाहीत. परिणामी त्याच चिपसेटचा मिनी-आयटीएक्स बोर्ड मायक्रो-एटीएक्सपेक्षा सहसा महाग पडतो. खर्च तिथेच थांबत नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये नेहमीच्या एसएमपीएसऐवजी १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा एसएफएक्स लागतो. कूलर बुटका हवा; नॉक्टुआचा एनएच-एल-नाइन-आय जेमतेम ३७ मिलिमीटर उंच आहे. पण एवढ्याशा कूलरखाली जास्त वॉटचा प्रोसेसर तापतो आणि आपला वेग उतरवून बसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या नागपूर-चंद्रपूरकडे हा हिशेब आणखी काटेकोर करायला हवा.

म्हणून जाणकार खरेदीची सुरुवात बोर्डापासून करत नाहीत. आधी कॅबिनेट ठरते: कूलर मास्टरचे एनआर-२०० आहे सुमारे अठरा लिटरचे, तर फॉर्म-डीचे टी-वन दहा लिटरच्या आसपास. त्यात ग्राफिक्स कार्ड किती लांब आणि किती जाड चालेल, कूलर किती उंच चालेल, हे पाहून मग बोर्डाकडे वळायचे. कार्ड रायझर केबलने जोडायचे असेल, तर केबल आणि कार्ड यांची पीसीआय-एक्स्प्रेस पिढी जुळते का, हेही तपासायचे. नाहीतर स्क्रीन काळी पडते आणि बायोसमध्ये जाऊन पिढी एक पायरी खाली आणावी लागते.

प्रोसेसरचे सॉकेट हा पुढचा प्रश्न. एएमडीचे एएम-फाइव्ह सॉकेट २०२२ मध्ये आले आणि त्यावर फक्त डीडीआर-फाइव्ह रॅम चालते. इंटेलच्या एलजीए-१७०० सॉकेटवर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. त्याचे काही बोर्ड डीडीआर-फोर मागतात, काही डीडीआर-फाइव्ह, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात जात नाही. बोर्डावर एचडीएमआय दिसले म्हणून स्क्रीन लागेलच असेही नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे, त्यात अंगभूत ग्राफिक्स चालत नाही आणि वेगळ्या कार्डाशिवाय ते एचडीएमआय मुकेच राहते.

संगणक टेबलाखाली ठेवायचा असेल आणि चार वर्षांनी रॅम, कॅप्चर कार्ड, आणखी एक एसएसडी अशी भर घालायची असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये मायक्रो-एटीएक्स मागावा. त्याच्या बऱ्याच मॉडेलवर रॅमचे चार स्लॉट मिळतात, नेहमीचा एसएमपीएस चालतो आणि वाचलेल्या पैशांत प्रोसेसर एक पायरी वरचा घेता येतो. होस्टेलची खोली असो वा टीव्हीशेजारचे कपाट, जिथे इंच-इंच मोजावा लागतो तिथे मात्र मिनी-आयटीएक्ससाठी जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही.