वीस वर्षांचा रस्ता

सकाळी ८
ऑफिसचं कुलूप काढेपर्यंत काका पायरीवर येऊन बसलेले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा. शेजाऱ्याने बांधावरच्या वाटेवर जेसीबीने चर खणला, ट्रॅक्टर जात नाही, तोडणीला आलेला ऊस फडातच उभा. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ताई, किती वर्षं सांगायची?"

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. ईझमेंटचा १८८२चा कायदा म्हणतो, रस्ता २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरला असेल तर तो तुमचा. हा आकडा पारावर सगळ्यांना पाठ आहे. म्हणून दावे वाचले की वाटतं, तालुक्यातली प्रत्येक पाऊलवाट २० वर्षांहून जुनीच. आणि कोणाचीही शेती गिळून बसलेला माणूस बरोबर १२ वर्षांहून थोडा अधिक काळ बसलेला असतो, कारण ताब्यावरून मालकी सांगायला मुदत १२ वर्षांची.

काकांना म्हटलं, "तुमच्या आठवणीत काय आहे ते सांगा." धाकट्या लेकीच्या लग्नाच्या साली वाट सुरू झाली. हिशेब केला तर सतरा वर्षं. कशी सुरू झाली? "त्याचा बापच म्हणाला, जा की माझ्या बांधावरनं, बांध काय झिजतोय व्हय."

या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच, आणि दावा बुडवणारंही हेच. परवानगीने वापरलेली वाट कायद्याच्या लेखी हक्काची होत नाही. शेजाऱ्याचा मोठेपणा खरा सांगाल तर हराल. बापाचा चांगुलपणा पुसून 'आम्ही कोणाला न विचारता जात होतो' म्हणाल तर जिंकायची आशा. मामलेदार कोर्टाच्या १९०६च्या कायद्याखाली तहसीलदाराकडे जायचं तर अडथळा सहा महिन्यांच्या आतला हवा. चर खणून आठ महिने झाले होते. "मग मागल्या महिन्यात खणला म्हणा," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. फॉर्मवर जन्मतारीख भरावी तसं ते विचारत होते.

मी नाही म्हटलं. महसूल संहितेचं कलम १४३ समजावलं. त्यात बांधावरून रस्ता मागताना तहसीलदार मुख्यतः शेतकऱ्याची गरज बघतो; वीस वर्षांचा आकडा तिथे लागत नाही. काका गप्प झाले. पिशवी ठेवून गेले.

११ वाजता
कोर्ट सुरू. बोर्डावरची बरीच प्रकरणं तारखा घेऊन पुढे सरकली.

दुपारी १२
उलटतपास. २००२पासून दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपास तोंडी होत नाही, शपथपत्रावर येतो. म्हणजे साक्ष साक्षीदाराची आणि भाषा वकिलाची. आज समोरचा साक्षीदार साठीचा मेंढपाळ. शपथपत्रात लिहिलेलं, 'सदरहू मिळकतीत वादीची निर्वेध वहिवाट आहे.' मी विचारलं, "बाबा, निर्वेध म्हणजे काय?" त्यांनी आधी त्यांच्या वकिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा मुद्दा तिथेच सिद्ध झाला. पण त्यांचा खाली गेलेला चेहरा दिवसभर डोळ्यांसमोरून हलला नाही. मीही अशी शपथपत्रं लिहिली आहेत. साक्षीदार बोलतो मोडक्यातोडक्या, खऱ्या वाक्यांत. आम्ही ती इस्त्री करून देतो आणि त्याच्या अंगावर ती कधीच बसत नाहीत.

दुपारी ३
मारहाणीचा खटला. साक्षीदाराने ईश्वरसाक्ष शपथ घेतली आणि पहिल्याच उत्तरात म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली, पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवला. "असं मी सांगितलं नव्हतं." त्या जबाबावर त्याची सही नाही, कारण कायद्यानेच तपासातल्या जबाबावर सही घेतली जात नाही. तो आरोपीच्या शेतावर सालगडी आहे. शपथ पाच मिनिटांची, चाकरी वर्षाची.

खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ज्याच्याविरुद्ध खोटं बोललं गेलं त्याला थेट खटला भरता येत नाही. तक्रार न्यायालयाने करायची, तीही न्यायाच्या हितासाठी गरजेची वाटली तर. तुंबलेल्या बोर्डावर आणखी एक प्रकरण कोण वाढवणार? बेस्ट बेकरी प्रकरणात वारंवार जबाब बदलणाऱ्या झाहिरा शेखला सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये एक वर्षाची कैद दिली, तीही न्यायालयाच्या अवमानासाठी. तिच्या घरची माणसं त्या बेकरीला लावलेल्या आगीत गेली होती. साक्षीदार संरक्षण योजना आली २०१८मध्ये. आजच्या सालगड्याला ती कोणी सांगितली नसावी. त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. संध्याकाळी घरी सुखरूप पोचायची हमी मिळाली असती, तर तो खरं बोलला असता असं मला मनापासून वाटतं.

सायंकाळी ५
बाररूममध्ये भावांच्या वाटणीची बोलणी. शपथ नाही, रोजनामा नाही, इथलं बोलणं पुरावा म्हणून वापरायचं नाही असं आधीच ठरलेलं. थोरला दहा मिनिटांत म्हणाला, "आईचे दागिने माझ्याकडंच आहेत." कैफियतीत त्याने ते सपशेल नाकारलेले. साक्षीच्या पिंजऱ्यात असता तर हे वाक्य त्याने मरेपर्यंत उच्चारलं नसतं. इथे उच्चारलं, कारण खरं बोलून त्याचं काही जाणार नव्हतं. उलट भाऊ परत मिळणार होता. तडजोडीची पुरसीस उद्या कोर्टात देणार आहेत.

रात्री ८
काकांचा मुलगा पिशवी न्यायला आला. खाली मान घालून म्हणाला, "बाबांनी दुसरे वकील बघितलेत, ताई. ते वीस लिहितो म्हणाले." मी कागद मोजून परत केले. दुपारच्या सुट्टीत कलम १४३च्या अर्जाचा कच्चा मसुदा केला होता, तोही पिशवीत घातला. त्यात सतरा वर्षं लिहिली आहेत, आणि शेजाऱ्याच्या बापाचं वाक्य जसंच्या तसं.