बारा फोटोंचा तोरणा

1984 च्या डिसेंबरात सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातून पहाटे बाहेर पडलो, तेव्हा शबनममध्ये मामाचा आग्फा क्लिक थ्री होता आणि त्यात 120 चा एकच रोल. म्हणजे बारा फोटो. टिळक रस्त्यानं चालत स्वारगेट, तिथून एस.टी.नं वेल्हे आणि पुढे तोरण्याची छातीवरची चढण. गोनीदांचं 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून झालं होतं. पाय घरात ठरत नव्हते.

त्या बारा फोटोंनी मला चालायला शिकवलं. दिसलं की टिपलं, असं करणं परवडतच नव्हतं. मेंगाईच्या देवळात मुक्काम करायचा, उजाडायच्या आत झुंजार माचीवर जाऊन बसायचं. कड्यावर ऊन येतं तेव्हा खाली कानंद खोरं अजून निळ्या सावलीत असतं. उन्हाची ती कड खाली सरकत भातखाचरांच्या बांधांवर येईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच बटण दाबायचं. एप्रिल-मे महिन्यांत धुरकट हवेत राजगडसुद्धा पुसट होतो. पहिल्या पावसानं धूळ बसली की तोच हाकेच्या अंतरावर येतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

रात्री मोरीच्या दाराला घोंगडी लावून लाल दिव्याखाली प्रिंट काढायचो. थंडीत डेव्हलपर गार पडे, म्हणून आई स्टोव्हवर पाणी कोमट करून द्यायची. पुढे जुना पेंटॅक्स आला, मग डिजिटल. राजगड, रायगड, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, मढे घाट, सगळीकडे हिंडलो. फोटो हजारोंनी झाले. वाडा पाडून इमारत उभी राहिली. दर दोन-तीन वर्षांनी मात्र झुंजार माचीवर त्याच दगडाशी जाऊन त्याच दिशेला फोटो घ्यायचा, हा नेम मोडला नाही.

त्या नेमाचं मोल फार उशिरा कळलं. कानंदी नदीवर धानेपजवळ गुंजवणी प्रकल्पाचं धरण झालं आणि माझ्या चौकटीत खाचरांच्या जागी पाणी आलं. सुंदर दिसतं ते, उन्हात चमकतं. पण पायथ्याच्या एका आजोबांना मी 1984 चा प्रिंट दाखवला, तेव्हा त्यांनी बोट ठेवून एकेक बांध कोणाचा ते सांगितलं. मी तो फोटो कड्यासाठी काढला होता. खालचा भाग छापताना कापणारही होतो.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राजगड त्यात आहे, तोरणा नाही. वारशातल्या गडांचे फोटो आता जगभरचे लोक काढतील, त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती गडांच्या पायथ्याची. तटबंदीची डागडुजी होईल, पण खोरी बदलतात ती कायमची, आणि त्यांची चित्रं आपल्यासारख्या पायी हिंडणाऱ्यांकडेच पडून आहेत.

तुमच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्ह असतील, तर पावसाळ्याआधी खाली काढा, बुरशी लागायच्या आत. प्रत्येक पाकिटावर तीन गोष्टी लिहा: साल, कुठे उभे होतात ती जागा आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं.