हरेदी ज्यू बालकांसमवेत कलोपचार : अपूर्ण आकृतीचा अर्थ

प्रस्तावना

चित्र, रंग व माती यांच्या साहाय्याने मनातील ताण व्यक्त करण्यास वाव देणाऱ्या उपचारपद्धतीस कलोपचार असे म्हणतात. १९४२ मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी ही संज्ञा वापरात आणली. त्याआधीच, १९२६ मध्ये, फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून बौद्धिक विकास मोजण्याची पद्धत मांडली होती. १९४८ मध्ये जॉन बक यांची घर-झाड-माणूस चाचणी आली. या परंपरेत शिकलेल्या उपचारकास आकृतीतून गळलेला अवयव हे सहजच व्यथेचे लक्षण वाटते. जेरुसलेममधील मेआ शआरिम वा न्यूयॉर्कमधील विल्यम्सबर्ग येथील हरेदी, म्हणजेच काटेकोर धर्माचरण करणाऱ्या ज्यू समाजातील मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धर्मनियम आणि लक्षण

योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ १५६५ मध्ये मुद्रित झाला. त्यानुसार मनुष्याची संपूर्ण, उठावाची आकृती घडविणे निषिद्ध आहे. रंगांनी काढलेले सपाट चित्र मात्र चालते. नुसते डोके किंवा डोक्याविना धड घडविण्यासही हरकत नाही. सूर्य, चंद्र व तारे यांची आकृती तर सपाटही काढू नये, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्ष व्यवहारात घराघरांत फरक आढळतो. तरीही कागदावर मोकळेपणाने माणूस काढणारे मूल मातीकाम करताना का थबकते, याचा उलगडा येथे होतो. शनिवारी तर चित्र काढणेच वर्ज्य. (कोकणातील बेने इस्रायलींना ‘शनिवार तेली’ हे नाव ज्या विश्रामदिनामुळे मिळाले, तोच हा दिवस.)

समजा, एखाद्या मुलाने मातीच्या माणसाचे नाक शांतपणे चेपले व ‘असेच करायचे असते’ असे सांगितले. दुसऱ्याने पूर्ण आकृती घडवून तिचा हात मोडला आणि तो मुठीत दाबून धरला. दोन्ही आकृती अपूर्णच. पण पहिलीत नियमपालन दिसते, तर दुसरीविषयी थांबून विचारावे लागते. तयार वस्तूपेक्षा ती घडत असतानाचे निरीक्षण अधिक विश्वसनीय ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मौनाचा प्रश्न

उलट बाजूची चूक अधिक घातक आहे. ‘ही त्यांची रीत’ असे म्हणून उपचारक खऱ्या यातनेकडेही दुर्लक्ष करू शकतो. मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा आणि ‘लाशोन हारा’, म्हणजे दुसऱ्याविषयी वाईट बोलण्याची मनाई, यांमुळे मूल घरातील गोष्ट शब्दांत सांगण्यास कचरते. मानसोपचाराचा बोभाटा झाल्यास भावंडांच्या सोयरिकीत अडथळा येईल, ही पालकांची भीतीही असतेच. अशा वेळी चित्र उपयोगी पडते, कारण त्यात नाव घ्यावे लागत नाही.

हानी टाळण्यासाठी बोलणे आवश्यक असल्यास धर्मशास्त्र ते मान्य करते. म्हणूनच रब्बींची संमती मिळाल्यास मुलाच्या मनावरील अपराधाचे ओझे हलके होऊ शकते. मात्र चित्र कोणाला दाखवायचे, हे आधी मुलाशीच बोलून ठरवावे आणि त्या गुप्ततेची मर्यादाही त्याला सांगावी. इस्रायलमध्ये १९८९ च्या कायदादुरुस्तीने बालकावरील अत्याचाराचा संशय आल्यास अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक केले आहे, आणि रब्बींशी सल्लामसलत केल्याने उपचारक या बंधनातून सुटत नाही.